उंची सोडू नको

जमीलचाचा ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एकेक पांढरा कॅन होता. ते दोन्ही त्यांनी उज्ज्वलाच्या टेबलावर, उघड्या फायलीवरच ठेवले आणि उभे राहिले. तेलाचं बोट कागदाला लागू न देणारा हा माणूस. 

"काय झालं चाचा?"

"ह्या कॅनचं सील बघा ताई. फोडलेलंच न्हाई."

"मग?"

"हे औषध हाय. काल नवीन आलं, ह्यो एकच कॅन. सकाळी नाथानं टँकरमधी औषध वतलं म्हणतो. मग ह्याचं सील तसंच कावून? आन आता ह्यो दुसरा बघा. अर्धा रिकामा हाय."

दुसऱ्या कॅनला निळं झाकण होतं. त्यात होतं युरियाचं पाणी, नव्या ट्रकांना धूर कमी व्हावा म्हणून घालतात ते. नाथा ज्यातून विमानात इंधन भरायचा तो टँकरही नवा होता, त्यालाही ते लागायचं. विमानाचं औषध वेगळं. वरच्या गारठ्यात इंधनातलं पाणी गोठू नये म्हणून ते इंधनात मिसळायचं. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही एकाच मापाच्या कॅनमध्ये, दोन्ही एकाच शेडमध्ये.

"युरिया इंधनात गेला तर काय होतं?" तिनं विचारलं. तिला साधारण ठाऊक होतं. तरी विचारलं.

"मिठावानी खडा धरतो. जाळीत जाऊन बसतो. जाळी भरली की इंजिनला इंधन पोचत न्हाई." चाचा क्षणभर थांबले. "आन मग इंजिन गप होतं."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ सदतीस झाले होते. त्याच टँकरमधून इंधन भरून कंपनीचं पहिलं विमान नऊ पाचला पुण्याकडं उडालं होतं. आत आठ प्रवासी, एक सहवैमानिक, आणि कॅप्टन उज्मा. उज्मा जमीलचाचांची मुलगी होती.

उज्ज्वला शहादेव कोकरे हे नाव आता बीड जिल्ह्यात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. 'सिंदफणा एअर' ही नऊ आसनी दोन विमानांची कंपनी तिची. सिरसाळ्याजवळ एका बंद पडलेल्या कारखान्याची खासगी धावपट्टी होती, बाभळी माजलेली. ती तिनं भाड्यानं घेतली, साफ केली, डांबर टाकलं, आणि चौदा महिन्यांपासून तिथून पुण्याला रोज दोन फेऱ्या सुरू होत्या. ट्रॅव्हल्सनं जिथं सात-आठ तास लागायचे तिथं विमान तासाभरात टेकायचं. दवाखान्याची माणसं जायची, कापसाचे व्यापारी जायचे, पोरांना होस्टेलवर भेटायला निघालेले आईबाप जायचे.

शिरूर कासारच्या मेंढपाळाची ही मुलगी विमानापर्यंत पोचली ती हेलिपॅडच्या वाटेनं. बीडला बी.कॉम. करून ती एका टुरिस्ट गाड्यांच्या ऑफिसात लागली होती. निवडणुकीच्या दिवसांत चौसाळ्याला एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं आणि हेलिपॅडचं काम घेतलेला माणूस ऐनवेळी फोन बंद करून बसला. उज्ज्वलानं शेतात टँकरनं पाणी मारून धुरळा बसवला, फक्कीनं गोल आखला, दोर लावले. मंडप मात्र फार जवळ आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. हेलिकॉप्टर खाली येताना मंडपाचं कापड सुटलं आणि भिरभिरत पंख्याच्या दिशेनं वर गेलं. हातभर अंतरावरून ते बाजूला पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरलेल्या वैमानिकानं तिला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "आज आपण सगळे मेलो होतो, कळलं का?"

तिला कळलं. त्या दिवशी जी भीती आत शिरली ती कधी निघाली नाही. पण त्याच भीतीनं ती चोख झाली. पुढं आठ-नऊ वर्षं साऱ्या मराठवाड्यात हेलिपॅड म्हटलं की कोकरे मॅडमना बोलवा असं झालं. मग भाड्याची हेलिकॉप्टरं, मग दिल्लीच्या दोन वर्षांच्या फेऱ्या, परवानग्या, आणि विमानं. चौसाळ्याला गॅरेज चालवत विमानाच्या इंजिनाचं शिक्षण चाळिशीत पुरं केलेले, मग वीस वर्षं हैदराबादेत नोकरी केलेले जमीलचाचा तिनं विमानांच्या देखभालीसाठी स्वतः जाऊन परत आणले. उज्मा त्यांच्या मागोमाग आली.

आणि आता हे दोन कॅन.

कॉम्प्युटरवरच्या नकाशात छोटंसं पिवळं विमान सरकत होतं. श्रीगोंद्याच्या अलीकडं. उंची दहा हजार फूट. सगळं नेहमीसारखं.

"सेट उचला ताई," चाचा म्हणाले. कंपनीचा रेडिओ सेट तिच्याच टेबलाशेजारी होता.

उज्ज्वलाचा हात सेटकडं गेला आणि तिथंच थांबला. अजून पंचवीस-तीस मिनिटांचा तर प्रश्न. पोचेल कदाचित. पुण्यात उतरल्यावर गुपचूप सगळं इंधन काढून टाकता येईल. पण एकदा रेडिओवर बोललं की ते बोलणं राहतं. उज्मा आणीबाणी कळवणार, चौकशी लागणार, परवाना जाणार. पंधरा वर्षांची मेहनत. हे सगळं तिच्या डोक्यातून जेवढ्या वेळात गेलं तेवढ्या वेळात तिच्या तोंडून निघालं, "आधी खात्री करू. नाथाभाऊंना बोलवा."

चाचा तिच्याकडं बघत राहिले. मग वळले आणि बाहेर गेले. ते पळत गेले. साठी ओलांडलेल्या चाचांना तिनं कधी पळताना पाहिलं नव्हतं.

ती खिडकीशी गेली. प्रवाशांसाठी टाकलेल्या बाकावर बंकट बसून चहा पीत होता. आडसचा शेतकरी माणूस, बायकोला, मंगलला, सोडायला आला होता. मंगलला साडेअकराला पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ होती. म्हणूनच सकाळी धुक्यानं उशीर झाल्यावर उज्ज्वलानं शेडमध्ये फोन केला होता. नाथाभाऊ, आटपा, अजून किती वेळ. आणि दोनच महिन्यांपूर्वी चाचांनी औषधासाठी वेगळं कुलपाचं कपाट मागितलं होतं, तेव्हा तिनं पुढच्या महिन्यात बघू म्हटलं होतं.

बंकटनं तिला खिडकीत पाहिलं आणि कप उंचावून विचारलं, "पोचलं का ताई?"

"जातंय अजून," ती म्हणाली.

नाथा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच उत्तर होतं. तरी तिनं त्याला दोन्ही कॅन दाखवले. त्यानं निळ्या झाकणाकडं बोट केलं.  "ह्योच वतला ताई. घाई होती. मला वाटलं औषधाच्या कॅनचं झाकण बदलून आलंय." तो मटकन खाली बसला.

घड्याळात नऊ एक्केचाळीस झाले होते. उज्ज्वलानं सेट उचलला.

"उज्मा, सिरसाळ्याहून उज्ज्वला बोलतेय. ऐकू येतं का?"

खरखर. मग उज्माचा आवाज, मजेतला. "बोला मॅडम. इथं ऊन छान पडलंय."

"उज्मा, नीट ऐक. तुझ्या इंधनात औषधाऐवजी युरियाचं पाणी गेलंय. जाळी चोंदेल. इंजिन कधीही बंद पडू शकतं. खात्रीची गोष्ट आहे."

सेट नुसता खरखरला. 

"समजलं," उज्मा म्हणाली. आवाजातली मजा गेली होती, पण आवाज हलला नव्हता. "पुणे लांब आहे. बारामती घेते. अकरा-बारा मिनिटं. नियंत्रण कक्षाला मी कळवते, तुम्ही बारामतीला फोन लावा. अब्बा तिथं आहेत?"

उज्ज्वलानं सेट चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"उज्मा. उंची सोडू नको, बेटा. धावपट्टी पायाखाली येईस्तोवर उंची सोडू नको. इंजिनला त्रास देऊ नको, हाय तसंच चालू दे. इंधनाचा काटा नाचाया लागला की समज."

"हो अब्बा."

"घाबरू नको."

"तुमी पण घाबरू नका," उज्मा म्हणाली आणि गेली.

उज्ज्वलानं बारामतीला फोन लावला. तिथल्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं उडत होती. फोनवरच्या माणसानं एकही प्रश्न जास्तीचा विचारला नाही. पट्टी मोकळी करतो, अग्निशमनची गाडी उभी करतो, म्हणाला. मग तिनं दिल्लीला विमान खात्याच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला आणि स्वतःचं नाव सांगून सगळं जसंच्या तसं सांगितलं.  पलीकडच्या माणसानं दोनदा स्पेलिंग विचारलं.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि खरी भीती तिथून सुरू झाली.

नकाशातलं पिवळं विमान डावीकडं वळलं होतं. चाचा खुर्चीत बसले नाहीत. टेबलाची कड धरून पडद्याकडं बघत राहिले, ओठ हलत होते. नाथा दाराशी तसाच खाली बसून होता. उज्ज्वलाच्या पुढ्यात प्रवाशांची यादी होती. तिनं ती उलटी करून ठेवली. पुन्हा सरळ केली. आठ नावं, आठ वयं. एक सहा वर्षांची मुलगी होती, आईबरोबर निघालेली. सकाळी पायऱ्या चढताना ती मागं वळून सगळ्यांना टाटा करत होती. उज्ज्वलानंही हात हलवला होता.

आठव्या मिनिटाला सेट खरखरला. "काटा नाचतोय," उज्मा म्हणाली. मग काही अर्धवट शब्द. मग स्पष्ट दोन शब्द. "इंजिन गेलं."

"किती लांब हाय?" चाचांनी सेटवर विचारलं. "उज्मा, पट्टी किती लांब हाय?"

"चौदा किलोमीटर. उंची आहे माझ्याकडं. दिसतेय पट्टी. मी आता..."

बाकीचं खरखरीत बुडालं. विमान खाली यायला लागलं की सिरसाळ्यापर्यंत रेडिओ पोचत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी चाचा सेटमध्ये बोलत राहिले. उज्मा. उज्मा बेटा. उज्ज्वलानं त्यांच्या हातातून सेट हळूच काढून घेतला.

पडद्यावरचं विमान थोडं सरकलं, मग थांबलं. खाली गेल्यावर नकाशालाही ते दिसत नसे. बारामतीच्या उत्तरेला एका जागी ते पिवळं चित्र गोठून राहिलं, पुढं नाही, मागं नाही.

उज्ज्वलाला खोलीतला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. पंख्याचा. नाथाच्या श्वासाचा. बाहेर बंकट कुणाशी तरी कापसाच्या भावाबद्दल बोलत होता आणि हसत होता. जावं, त्याला सांगावं, असं तिला वाटलं. पण काय सांगायचं? तिला वाटलं, आत्ता या क्षणी ते सगळे एकतर आहेत किंवा नाहीत, आणि इथं बसून ते कळायचा काही मार्ग नाही.  ती मोरीकडं गेली, तोंडावर पाणी मारून परत आली. चाचांनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

फोन सात मिनिटांनी वाजला. बारामतीचा तोच माणूस. चाचांनाही ऐकू यावं म्हणून उज्ज्वलानं स्पीकर लावला.

"मॅडम, उतरलं विमान. शेवटाला एक टायर फुटला, गवतात गेलंय. माणसं बाहेर काढली. सगळे चालत बाहेर आले. एका बाईंचा हात दुखावलाय, मनगट बहुतेक."

"वैमानिक?" चाचांचा आवाज फाटला.

"त्या सगळ्यांच्या शेवटी उतरल्या, साहेब. ठीक आहेत."

चाचा खाली बसले, खुर्चीत नव्हे, जमिनीवर, नाथाच्या शेजारी. नाथा रडत होता. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून दिला.

उज्ज्वला बाहेर जाऊन बंकटला सगळं सांगून आली. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग चहाचा कप बाकावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "हात कुणाचा दुखावलाय?" मनगट मंगलचंच होतं.

तिघं जीपनं निघाले. उज्ज्वला गाडी चालवत होती, चाचा शेजारी, मागं बंकट फोनवर मंगलशी बोलत. केज मागं पडलं, मग चौसाळा आलं. हमरस्त्याला चाचांचं जुनं गॅरेज होतं, तिथं आता त्यांचा पुतण्या बसायचा. उज्ज्वलानं गाडी हळू केली, पाणी प्यायला थांबू का म्हणून विचारलं. "नको," ते म्हणाले. 

जामखेडच्या पुढं ते म्हणाले, "नाथाला बोलावणं जरुरीचं नव्हतं ताई."

"माहीत आहे."

"मला सील दिसलं तवाच खात्री झालती. तुमालाबी झालती."

उज्ज्वला रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिली. "मी घाबरले होते चाचा."

"मी घाबरलो न्हवतो का?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर तोंड करून बसले.

बारामतीला उज्मा शेडमधल्या लोखंडी बाकावर बसली होती. वर्दीची बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली, कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पुडा न फोडता हातात. बापाला पाहून ती उठली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग गालाला लावला, जणू ताप बघतायत. आणि बाहेर जाऊन विमानाकडं बघत उभे राहिले.

उज्ज्वला तिच्या शेजारी बसली. गाडीत तिनं बरंच ठरवलं होतं, कुठल्या शब्दांत सांगायचं ते. बसल्यावर एवढंच बोलता आलं, "मला कळल्यापासून तुला सांगेपर्यंत चार मिनिटं गेली. मी वेळ काढला. परवाना जाईल म्हणून."

उज्मानं तिच्याकडं पाहिलं. "वर चार मिनिटं लई असतात, ताई."

"हो."

"ती छोटी मुलगी मागून विचारत होती, आवाज कावून बंद झाला म्हणून. मी तिला म्हटलं, आता आपण घारीसारखं जाणार. तिला आवडलं ते." उज्माचे दात वाजायला लागले. दुपारचं ऊन होतं तरी ती कुडकुडत होती. उज्ज्वलानं आपली ओढणी तिच्या खांद्यावर टाकली. उज्मानं ती काढली नाही.

चौकशी लागली, दोन्ही विमानं उडायची थांबली. औरंगाबादच्या वकिलानं उज्ज्वलाला सांगितलं, जबाबात चार मिनिटांचा उल्लेख करू नका, कुणी विचारलेलं नाही. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगली झोप काढून तिनं जबाब लिहिला. कपाट मागितलं होतं ते दिलं नाही. सकाळी घाई केली. नाथाची चूक माझ्या घाईतली आहे. आणि चार मिनिटं. वकिलानं कपाळाला हात लावला. परवाना स्थगित झाला, तो अकरा महिने. एक विमान विकावं लागलं. वर्तमानपत्रांत तिच्या फोटोखाली काय काय छापून आलं ते शिरूर कासारला तिच्या वडिलांना कुणी वाचून दाखवलं नाही, पण त्यांना कळलं. ते मेंढरं सोडून एक दिवस सिरसाळ्याला आले, तिच्याजवळ दिवसभर बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

मंगलच्या डोळ्याचं ऑपरेशन महिनाभरानं झालं. उज्ज्वला तिला भेटायला दोनदा आडसला गेली. पहिल्यांदा बंकट घराबाहेर आला नाही. दुसऱ्यांदा आला.

परवाना मिळणार असं पत्र आलं तेव्हा उज्मानं दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत दिलेली होती. उज्ज्वलानं तिला बोलावलं नाही. तीच एक दिवस आली.

"मी उडवीन," उज्मा म्हणाली. "पण विमान उडणार की थांबणार हे तुमी ठरवायचं न्हाई. ते अब्बांनी ठरवायचं. तसं कागदावर लिहून द्या, खात्याला पाठवा."

"म्हणजे कंपनी माझी, आणि विमानाला निघ म्हणायचा अधिकार माझा नाही."

"न्हाई."

उज्ज्वलानं कागद ओढला आणि लिहायला घेतलं. मध्ये एकदा थांबून तिनं विचारलं, "तुला अजून भीती वाटते का गं?"

"पायऱ्या चढताना वाटते," उज्मा म्हणाली. "तुमाला?"

"मला झोपेतून उठताना वाटते."

पहिल्या फेरीच्या सकाळी पाच प्रवासी आले. इंजिनाच्या झाकणाचा एक स्क्रू चाचांना सैल वाटला आणि त्यांनी विमान थांबवलं. वीस मिनिटं, मग चाळीस. कापसाच्या व्यापाऱ्यानं घड्याळ बघत विचारलं, आता तरी सांगा, निघणार कधी?  उज्ज्वला बाहेर येऊन बाकावर त्याच्या शेजारी बसली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "चाचा सांगतील तेव्हा."